पिचवरचा गोल आणि दाजींचं फॉरवर्ड

रविवारी सकाळी दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं. सार असं: क्रिकेटचा व्हिडिओ गेम जितका हुबेहूब तितका चांगला, बॉलचा टप्पा कुठे पडणार ते आधीच दाखवणारा गोल पिचवर दिसणं म्हणजे पोरखेळ, पाच ओव्हरची मॅच म्हणजे क्रिकेटची थट्टा, आणि 'खरा' सिम्युलेशन गेम खेळणाऱ्या मुलाला नेट्सची गरजच नाही. एरवी अंगठा देऊन सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी बारा वर्षांच्या भाच्याने किट बॅग दाराआड सरकवली. "मामा, मी आता घरीच प्रॅक्टिस करणार. बाबांनी वाचलंय, चालतं तसं."

आधी तो गोल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला बॉल जेमतेम अर्ध्या सेकंदात बॅटपाशी येतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या दोन संशोधकांनी बॅट्समनच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांची नजर कुठे फिरते ते तपासलं. २००० साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये ते छापून आलं. 'बॉलवरून नजर हटवू नकोस' असं आपण पोरांना सांगतो ना? बॅट्समन तसं करतच नाही. बॉल सुटताना बघतो आणि टप्पा जिथे पडणार तिथे नजर बॉलच्या आधीच जाऊन थांबते. स्क्रीनवरचा गोल दुसरं काय करतो? सपाट पडद्यावर बॉलचं अंतर धड कळत नाही, म्हणून अनुभवी डोळ्याचा अंदाज गेम तुम्हाला आयता काढून देतो. तो गोल पुसलात तर गेम खरा होत नाही, नुसता तुक्का होतो. 'क्रिकेट ०७'मध्येही गोल होता; ज्यांनी तो रात्र-रात्र खेळला त्यांना विचारा, मजा कमी झाली का.

आणि नेट्स नकोत म्हणणाऱ्यांची पंचाईत इथेच आहे. जो अंदाज बांधायला पोरगा नेट्समध्ये घाम गाळतो, नेमका तोच अंदाज गेम त्याच्यासाठी बांधून ठेवतो. मी भाच्याला खाली पार्किंगमध्ये उभं केलं, टेनिस बॉल घेतला. गेममध्ये हार्ड लेव्हलला शतक ठोकणारा हा गडी. सहापैकी चार बॉल थेट मागच्या स्कूटरवर.

फॉरवर्डमध्ये गेम खेळत खरा रेसिंग ड्रायव्हर झालेल्या यान मार्डनबरोचा दाखला आहे. तो खरा आहे, मान्य करावंच लागतं. 'ग्रान टुरिस्मो' हा कार रेसिंगचा गेम खेळत २०११ साली जीटी अकॅडमी, म्हणजे गेम खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडणारी स्पर्धा, जिंकला, २०१३ला ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. पण स्टिअरिंग आणि पेडल घरीही लावता येतात. अंगठ्याने बटण दाबून कव्हर ड्राइव्ह मारण्यात पाय कुठे हलतो? शिवाय त्यालाही खऱ्या गाडीत बसवून तयार केलं होतं, हे फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळलंय. हां, गली आणि पॉइंटमधला फरक भाच्याला गेमनेच शिकवला, तेवढं श्रेय देतो.

पाच ओव्हरचं काय? टी-ट्वेंटीचे दोन्ही डाव मिळून २४० बॉल. बॉलला वीस सेकंद धरले तरी ८० मिनिटं. पोराला सकाळी शाळा असते हो.

दाजींना विचारलं, हे पाठवलं कुणी? "ऑफिसातल्या कुणीतरी." बॅग दाराआडून काढली आहे. एका पॅडचा पट्टा तुटलाय, तो मंगळवारच्या आत शिवून घ्यायचाय.