गच्चीवरचं संशयास्पद यंत्र

लिफ्टशेजारच्या बोर्डावर, टाकी धुण्याची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध, सध्या माझा फ्लॅट नंबर झळकतो आहे. "सदर सभासदाने गच्चीवर विनापरवाना रेकॉर्डिंग यंत्रणा बसविली असून त्याद्वारे अन्य सभासदांच्या खासगीपणास बाधा येत असल्याच्या तोंडी तक्रारी प्राप्त झाल्या आहेत." खाली सही आणि शिक्का. शिक्का उलटा बसलाय. पण शिक्का उलटा असला म्हणून नोटीस रद्द होत नाही, हे मला वॉचमननं समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

यंत्रणा म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे निदान तुम्हाला तरी शंका नको. गच्चीच्या कठड्यालगत दूरदर्शनच्या फ्री डिशची एक छत्री. तिची केबल डक्टमधून खाली आमच्या हॉलमध्ये. तिथं छत्रीचा सिग्नल संगणकात घेणारा एक यूएसबी ट्यूनर, एक जुनी हार्ड डिस्क आणि रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. त्यावर टीव्ही रेकॉर्ड करणारं टीव्हीहेडएंड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. आई दुपारी झोपते, संध्याकाळी देवळात जाते, आणि सह्याद्री वाहिनीवरचे तिच्या आवडीचे कार्यक्रम नेमके याच दोन वेळांना लागतात. ते हा डबा गुपचूप साठवून ठेवतो. तासाला एक-दीड जीबी जागा. महिन्याचं बिल शून्य. बायको म्हणते, मोबाइलवर सगळं मिळतं की आता. मिळतं. पण आईला मोबाइलवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं मिळतात.

तर मागच्या रविवारी मावशीचं भजनी मंडळ सह्याद्रीवर होतं. मावशी टाळ वाजवते, तेही तिसऱ्या रांगेत, पण नातेवाइकांच्या गटावर महिनाभर आधीपासून वातावरण तापलं होतं. आम्ही सगळे नेमके त्याच सकाळी एका मुंजीला. डबा आहे, काळजी नको, असं मी चारचौघांत सांगितलेलं. घरी येऊन बघतो तर रेकॉर्डिंगच्या नावापुढे लाल खूण आणि शेजारी तीन शब्द: नो इनपुट डिटेक्टेड.

गच्चीवर गेलो. छत्रीवर गोधडी. नुसती टाकलेली नव्हे, ओली. तिचं एक टोक एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, दांड्याला पीळ देऊन बांधलेलं, दुसरं टाकीच्या पाइपाला. भिजलेल्या गोधडीचं वजन किती असतं हे ज्यांनी ती पिळली आहे त्यांना माहीत असेल. छत्रीनं मान टाकली होती. उपग्रहाची डिश दोन-तीन अंश जरी हलली तरी चित्र जातं, इथं ती चांगली बोटभर खाली झुकलेली. पाना आणून, खाली मुलाला फोनवर सिग्नलचे आकडे वाचायला बसवून, उन्हात ती परत जागेवर आणली. बारा-साडेबारा झाले. मावशीचा टाळ तोवर अंतराळात विरून गेला होता.

मग सोसायटीच्या गटावर मी अतिशय नम्र निरोप टाकला: "कृपया माझ्या रेकॉर्डिंगच्या डिशवर गोधड्या वाळत घालू नयेत." या वाक्यातली गोधडी एकालाही दिसली नाही. रेकॉर्डिंग मात्र सगळ्यांना दिसलं.

संध्याकाळी दारात सेक्रेटरी आणि त्यांच्याबरोबर टेस्टरकाका.

टेस्टरकाकांचं खरं नाव पार्किंगच्या पाटीवर आहे, पण ते कोणी वापरत नाही. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथं काका टेस्टर ठेवतात. निवृत्त होऊन वीस-एक वर्षं झाली असतील. कुठल्या खात्यातून ते दर गणपतीत बदलतं. सोसायटीत काहीही बिघडलं की, मग ते लिफ्ट असो, पाण्याची मोटर असो की कोणाचा जावई, काकांचं तांत्रिक मत घेतलं जातं.

"यंत्र कुठाय?" काका चप्पल काढतानाच.

मी दाखवलं. काका वाकले, चष्मा कपाळावर ढकलला, टेस्टर काढला आणि रास्पबेरी पायच्या ॲल्युमिनियमच्या डबीला टेकवला. वाट पाहिली. जागा बदलून पुन्हा टेकवला. मग शेजारच्या हार्ड डिस्कला. मग, का कोण जाणे, आईच्या तांब्याच्या लोट्याला.

"लागत नाही," त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. "यात करंटच नाहीये."

"काका, पाच व्होल्टवर चालतं ते. टेस्टर नाही लागत त्यावर."

"पाच व्होल्टवर काय चालतं रे? पाच व्होल्टवर दारावरची घंटा वाजत नाही."

सेक्रेटरींनी वही उघडली. "पाच व्होल्ट," असं म्हणत लिहून घेतलं. "आता मला सांगा, तुम्ही रेकॉर्डिंग कोणाचं करता?"

"टीव्हीचं. आईचे कार्यक्रम."

"तसं नाही. समोरच्या टॉवरमधले सातव्या मजल्यावरचे म्हणतात, तुमची डिश त्यांच्या बेडरूमकडे बघते."

"अहो, डिश बघत नाही. ती फक्त वरून आलेलं ऐकते."

सेक्रेटरींचं पेन थांबलं. "म्हणजे ऐकतेसुद्धा?"

आणि ते लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं.

मग मी त्यांना नीट समजावायला बसलो. उपग्रहाच्या या छोट्या डिशा ऑफसेट असतात. दिसायला त्या जवळजवळ उभ्या दिसतात, पण त्यांचा खरा रोख दिसतो त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतो. आपल्या पुण्यातून फ्री डिशचा उपग्रह क्षितिजापासून एकोणसाठेक अंश वर आहे, म्हणजे जवळपास डोक्यावरच. डिश दिसते सातव्या मजल्याकडे, पण तिचं लक्ष टॉवरच्या टाकीच्याही कितीतरी वर.

"म्हणजे तिरळी आहे," काका म्हणाले.

"तिरळी नाही हो, ऑफसेट..."

"बघते एकीकडे, लक्ष दुसरीकडे. आमच्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते तसे. नोटीस काढली की कोणाला काढली ते कळायचंच नाही." सेक्रेटरी 'डिश तिरळी' लिहीत होते.

"आणि दिशा कोणती?"

"आग्नेय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "परवाच बी विंगच्या मीटरबोर्डात ठिणगी पडली," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले.

मी हे असंच सोडून द्यायला हवं होतं असं बायकोचं मत आहे. पण प्रश्न उपग्रहावर आला होता आणि माझा तोल जात चालला होता. मी सांगितलं की जीसॅट-१५ हा इस्रोचा उपग्रह आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर उभा आहे. सव्वातीन टनांच्या आसपास वजन होतं. नोव्हेंबर २०१५मध्ये एरियन-५ रॉकेटवरून फ्रेंच गयानातून सोडला.

"आपल्या हद्दीत आहे?"

"हद्दीत म्हणजे... खाली बघाल तर समुद्र आहे. सुमात्राच्या पश्चिमेला."

"म्हणजे परदेशात. आणि सोडला फ्रेंचांनी." लिहिलं.

"उपग्रह आपला आहे हो! फक्त रॉकेट त्यांचं!"

"ओरडतोस कशाला?" काका म्हणाले. "टॅक्सी त्यांची, माणूस आपला. कळतं आम्हाला." या संपूर्ण संध्याकाळीतलं हे एकमेव शास्त्रशुद्ध वाक्य होतं आणि ते वहीत आलं नाही.

एवढ्यात आईनं आतून विचारलं, चहा ठेवू का. माझ्या बाजूचं माणूस म्हणून मी तिच्याकडे बघत होतो. तिनं काकांना साखर किती ते विचारलं. आणि त्याच क्षणी टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली. रास्पबेरी पायला येणारा विजेचा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो स्क्रीनवर ही खूण दाखवतो. हार्ड डिस्क जागी होताना घोटभर जास्त वीज ओढते, एवढंच. पण खूण दिसते ती थेट ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरची. फक्त कवटी नाही.

"धोका!" काका उठले. "बंद कर, बंद कर!" आणि मी 'नको' म्हणेपर्यंत त्यांनी खालचा बोर्ड बंद केला. पाच मोजून चालू केला. "असं करायचं असतं. सगळ्याला हाच इलाज."

त्या बोर्डावर रास्पबेरी पाय होता, ट्यूनर होता, राउटर होता, आणि आईचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम अर्धा साठवून झाला होता. या डब्याच्या आत घड्याळ नसतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. रास्पबेरी पाय ५पासून घड्याळाची सोय आली, तीही बॅटरी लावली तर. माझा जुना. वीज गेली की तो शेवटी टिपून ठेवलेली वेळ आठवून उठतो आणि खरी वेळ इंटरनेटवरून मिळेपर्यंत तेच प्रमाण मानतो. राउटर उठायला वेळ लावतो. तेवढा वेळ डबा आपल्या मते मागच्याच तासात वावरत होता; कार्यक्रम सुरूच झालेला नाही, असं त्याचं ठाम मत. एका तीन-चारशे रुपयांच्या घड्याळाच्या चिपेनं हे मिटतं, ती मी मागवलीही आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न हा की माझ्या घरातला बोर्ड मला न विचारता बंद करणारा माणूस माझ्या यंत्रापासून लोकांना असलेल्या धोक्याची चौकशी करत होता, आणि मी त्याला बिस्किटं देत होतो.

बरं, खासगीपणाचं म्हणाल तर आमच्या लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. जिन्यात, गेटवर, पार्किंगमध्येही. त्यांचं रेकॉर्डिंग वॉचमनच्या केबिनमध्ये, स्टुलावरच्या एका डीव्हीआरमध्ये जातं आणि त्याचा पासवर्ड त्याच डीव्हीआरवर स्केचपेननं लिहिलाय. मी किती वाजता घरी येतो, हातात पिशवी कसली असते, हे तिथं चहा पीत बसलेला कोणीही पाहू शकतो. त्याबद्दल तोंडी तक्रार एकही नाही. मी चौकशी केली तेव्हा "ते सुरक्षेसाठी आहे" असं उत्तर मिळालं. मग त्या कॅमेऱ्यात रविवारी सकाळी ओली गोधडी घेऊन लिफ्टनं वर जाणारी व्यक्ती दिसत असेल, जरा दाखवा, म्हटलं. तर फुटेज बघायला कमिटीचा ठराव लागतो.

गच्चीवर इतर डिशा कमी नाहीत. सगळ्या कंपन्यांच्या, गोल पाठीवर लोगो छापलेल्या. काहींचे मालक घर सोडून गेले, डिशा गंजत उभ्या आहेत. त्याही आग्नेयेकडे किंवा तिच्या आसपासच तोंड करून आहेत, त्याही तिरळ्याच. त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांचं दर महिन्याला बिल येतं किंवा कधीकाळी येत होतं. दरमहा पैसे कापणारी वस्तू सभ्य. फुकट चालणारी, आणि तीही माणसानं स्वतः बसवलेली, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. फ्री डिश २००४पासून चालू आहे, डिसेंबरात सुरू झाली होती, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. सरकारी आहे हो, असं मी सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, "सरकारी आहे तर फुकट कशी?" याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फुकटचाही ताप असतोच, तो माझ्यापाशी. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, वर्ष धरतात ते १ एप्रिलचं. त्या दिवशी आईची एखादी मालिका अर्ध्यावर असताना वाहिनीच नाहीशी होते आणि तिच्या जागी भोजपुरी गाणी साठत राहतात. पावसाळ्यात ढग दाटले की चित्राचे चौकोन. मार्चच्या सुमाराला आणि पुन्हा ऑक्टोबरच्या, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो, तेव्हा रोज काही मिनिटं नुसता गोंधळ. सूर्याशी माझं भांडण नाही. तो ठरल्या वेळी येतो, ठरल्या वेळी बाजूला होतो, आणि ओलं काही बांधून जात नाही.

काल कमिटीचं पत्र आलं. यंत्रणेस परवानगी देण्यात येत आहे, परंतु दोन अटींवर. पहिली अट, डिशचे तोंड समोरच्या इमारतीकडून वळवून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे करण्यात यावे, "जेणेकरून कोणाच्याही खासगीपणास बाधा येणार नाही". दुसरी, सदर उपग्रह चालविणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र तीन प्रतींत सादर करावे. गोधडीचा उल्लेख नाही. तक्रार माझी होती हे आता फाइलमध्येसुद्धा कुठे उरलेलं नाही.

मी पत्र वाचत असतानाच काकांचा फोन. "मिळालं ना? मीच जोर लावला, नाहीतर काढायलाच सांगत होते. आता ते ना-हरकतीचं बघ. इस्रोत ओळख आहे का तुझी कोणाची?"

"नाही."

"माझ्या साडूचा मुलगा अहमदाबादला आहे."

"इस्रोच्या केंद्रात?" मी खरंच सावरून बसलो.

"छे, बँकेत. पण राहायला तिकडच्याच बाजूला आहे. जाता-येता विचारेल गेटवर."