साठ कुठे गेले?

गेल्या शनिवारी संध्याकाळी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका मणी-मोत्यांच्या दुकानात पाच-सहा बायका, एक आजोबा आणि दुकानातला पोऱ्या यांच्यादेखत मी एकोणसाठनंतर थेट सत्तर म्हणालो. अठरा वर्षं मी दुसरीला गणित शिकवतोय.

मास्तराचं मणी-मोत्यांच्या दुकानात काय काम, ते आधी सांगून टाकतो. पहिल्या सत्राचं नियोजन. जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचं गणित यंदा कृतीतून झालं पाहिजे, असं फर्मान आहे. टाचणवहीत 'साहित्य' नावाचा एक रकाना असतो. इतकी वर्षं त्यात मी 'खडू, फळा' लिहून सुटत होतो. या वेळी मुख्याध्यापिका बाईंनी लाल शाईत 'आणखी?' एवढंच लिहून वही परत पाठवली.

तत्त्वाशी माझं भांडण नाही. ब्रूनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलंय, आधी हाताने करणं, मग चित्र, मग चिन्ह. ते वर्गात रोज दिसतं. 'दशक' हा शब्द दहा वेळा सांगून पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. त्याने स्वतः दहा काड्या मोजल्या, रबर लावून गठ्ठा बांधला आणि बेचाळीसातून सात काढायच्या वेळी तोच गठ्ठा नाइलाजाने सोडला, की त्याला हातच्याची वजाबाकी कळते. तयार दशकदांडा, म्हणजे दहाची अखंड दांडी, दिला तर तो त्याची तलवार करतो. म्हणून जुलैत काड्या आणि जूनमध्ये गणितमाळ: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी. पट ४२. दोघांत एक माळ म्हटलं तरी २१ माळा, म्हणजे २१०० मणी. 'टाकाऊतून टिकाऊ करा की सर,' असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. एकवीसशे टाकाऊ मणी कुणाच्या घरी असतील तर कळवा. चिंचोके मी एकदा आणले होते. ठाण्याच्या पावसात तीन आठवड्यांत त्यांना भोकं पडली आणि वर्गात गणिताऐवजी किड्यांचा जीवनक्रम झाला.

तर दुकान. मी 'मणी' म्हटल्याबरोबर दुकानदाराने काळ्या मण्यांचा डबा पुढे केला. "मंगळसूत्र ओवायचंय ना साहेब?" नाही म्हटलं, लाल आणि पांढरे, प्रत्येकी एक हजार पन्नास. तो म्हणाला, मणी वजनावर मिळतात, मोजून नाही. शंभर ग्रॅमचे ऐंशी रुपये. शंभर ग्रॅमला किती बसतात? "ते कोण मोजतंय?" असं म्हणून तो बांगड्यांच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मोजणार मी. दहा ग्रॅम वजन करून घेतले, वाटीत ओतले आणि काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलो. माझ्या शेजारच्या स्टुलावर हे आजोबा. ऐंशीच्या पुढचे, पांढरा लेंगा, मांडीवर छत्री आणि एक रिकामी पिशवी. आजीबाई पलीकडे नातीच्या लग्नाच्या मुंडावळ्या निवडत होत्या, आणि त्या काही लवकर निवडल्या जाणार नव्हत्या.

"तुम्ही मोजताय?" आजोबा म्हणाले.

मी मान हलवली. तोंडाने तेवीस, चोवीस चालू होतं.

"शिक्षक का?"

सव्वीस. मान.

"कुठली यत्ता?"

"दुसरी, सत्तावीस," मी म्हणालो.

"सत्तावीसच ना? मला वाटलं आता 'वीस सात' म्हणतात."

हा विषय निघणारच होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही छापलं, तेव्हा विधानसभेपर्यंत दंगा झाला होता. तेव्हापासून मी शिक्षक आहे हे कळलेल्या प्रत्येक माणसाने मला त्याबद्दल जाब विचारलाय, जणू पुस्तक मीच घरी बसून लिहिलं. मी काही बोललो नाही. बोटाने मणी सरकवत राहिलो.

"आमच्या वेळी मणी नव्हते," आजोबा म्हणाले. "संध्याकाळी दिवेलागणीला बसायचं आणि परवचा, अपूर्णांकांचेसुद्धा पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. चुकलं की जेवण उशिरा."

पंचेचाळीस. शेहेचाळीस.

"अहो, त्यांना मोजू द्या," आजी मुंडावळ्यांतून म्हणाल्या.

"मी कुठे अडवतोय? मी सांगतोय फक्त."

आणि ते सांगत राहिले. कोकणातली शाळा, शेणाने सारवलेली जमीन, एका मास्तरांकडे चार वर्ग. त्यांच्या वर्गातला एक पोरगा अडीचकी म्हणता म्हणता झोपायचा आणि झोपेतही बरोबर म्हणायचा. त्या पोराच्या गोष्टीत माझा जीव गुंतला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, सत्तर.

छत्री काउंटरवर टेकली.

"गुरुजी," आजोबा म्हणाले, "साठ कुठे गेले?"

बांगड्यांचा आवाज थांबला. पोऱ्या फिस्सकन हसला. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "आमच्या सोहमला असेच सर आहेत."

आता याची एक कारणमीमांसा आहे. ती मी तिथे देऊ शकलो नाही, म्हणून इथे देतो. 'एकोणसाठ' या शब्दात साठ आधीच येऊन गेलेला असतो. एक-ऊन-साठ. तो एकदा तोंडातून गेला की डोक्याला वाटतं, साठ झाले, पुढे चला. म्हणूनच 'एकोणतीस' लिहायला सांगितलं की निम्मा वर्ग ३९ लिहितो, कारण कानाला तीस ऐकू येतात. त्यातही नव्याण्णव आपलं वेगळंच, ते काही एकोणशंभर होत नाही. मराठीतले एक ते शंभर हे जवळजवळ शंभर वेगळे शब्द आहेत, आणि सहा-सात वर्षांच्या पोराने ते पाठ करायचे असतात. हे सगळं मला येतं. पण बांगड्यांच्या दुकानात भाषाशास्त्र कोण ऐकतो?

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या खेपेला आजोबा गप्प होते, पण त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. भरले पंच्याहत्तर.

"पाऊणशे!" आजोबांचा चेहरा उजळला. "आणि तुम्हाला हवेत किती?"

मी मोबाइल काढला. कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आजोबांनी डोळे मिटले, छताकडे तोंड केलं आणि म्हणाले, "चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाशे. एकशे चाळीस ग्रॅम घ्या." माझ्या मोबाइलवर १०५० भागिले ७५ बरोबर १४ यायला आणखी चार सेकंद लागली. ती चार सेकंदं दुकानातल्या सगळ्यांनी मोजली असावीत.

खरं सांगू? मला राग आला. आजोबांचा नव्हे, म्हणजे त्यांचाही थोडा. परवचा म्हणणारे जे टिकले ते आज छत्री टेकवून सांगतात. जेवण उशिरा मिळून शाळा सोडलेले मणी घ्यायला येत नाहीत. पण हेही खरं, की माझ्या वर्गात इतकं साहित्य, इतकी चित्रं करूनही 'पाऊणशे म्हणजे किती' विचारलं तर एक हात वर येत नाही. मला स्वतःला पाऊणकी येत नाही. आणि हे मी कुणाला सांगणार? नियोजनाच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तक्त्यात गणिताचे तास आहेत. त्यातून गणपती, चाचण्या, मतदारयाद्यांचं काम आणि 'माहिती आजच्या आज भरा' वजा केली, की काड्यांचे गठ्ठे सोडायला नेमका किती वेळ उरतो, ही वजाबाकी कृतीतून करण्याची सोय नाही.

फुटके-हरवलेले धरून दीडशे-दीडशे ग्रॅम घेतले. २४० रुपये, नायलॉनच्या दोऱ्याचे ४०. निघताना आजोबा म्हणाले, "येतं हो, सरावाने येतं." मला.

रविवारभर मी आणि बायको मणी ओवत बसलो. सोमवारी बिल ऑफिसात दिलं. क्लार्कने चष्मा वर करून वाचलं. दुकानदाराने लिहिलं होतं, 'लेडीज सामान'. "सर, हे शाळेच्या खात्यात कुठल्या नावावर टाकू?" मी बिल परत घेतलं. मुलांना मी हातचा शिकवतो. तो माझ्याच खिशातून येतो, हे बाईंनी लाल शाईत लिहिलेलं नाही.

परवा पहिल्यांदा माळा वाटल्या. मिनिटभर गळ्यात घालून झाल्या, मग मोजणं सुरू झालं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी माळ घेऊन टेबलापाशी आली.

"सर, आमच्या माळेतला साठावा मणी फुटलाय. तो धरायचा का?"

"धर बाई," मी म्हणालो, "धर."