मोरसला गेलेला माणूस

माझी आजी साखरेला शेवटपर्यंत 'मोरस' म्हणायची. मॉरिशसहून बोटीने यायची ती पांढरी साखर म्हणजे मोरस. त्याच मोरसला आमच्या घरातला एक माणूस गेला होता, हेही तीच सांगायची. तिच्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ. फणसाच्या झाडावरून भावाभावांत कडाक्याचं भांडण झालं, हा रातोरात घर सोडून मुंबईला गेला, तिथून बोटीत चढला आणि बोट बुडाली. गोष्ट इथेच संपायची. सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढलं जायचं.

बोट बुडाली नव्हती. हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

मॉरिशसमधले एक निवृत्त शिक्षक आपल्या पूर्वजाचं गाव शोधत होते. ओळखीओळखीतून त्यांनी एका जुन्या नोंदीची प्रत माझ्यापर्यंत पोचवली. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि त्याच सुमारास उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या काही दशकांत तिथे साडेचार लाखांवर माणसं गेली. आपली माणसं मुंबई बंदरातून गेली, त्यांत कोकणातली पुष्कळ. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते लिहिलं गेलं. या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

ती प्रत मी किती वेळा वाचली असेन! आमच्या घरात ज्याचं नुसतं नाव उरलं होतं, त्याची उंची मला आता माहीत आहे. डाव्या पायावर व्रण होता, हेही माहीत आहे. फोटो मात्र नाही. मजुरांचे फोटो काढायला १८६० च्या दशकात सुरुवात झाली, हा त्याआधी गेला.

तो आमचाच, असं मी अजून छातीठोकपणे म्हणत नाही. त्याचं नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं, आजीच्या सांगण्यावरून धरलेला काळही जुळतो. गावाचं नाव मात्र कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलंय. रत्नागिरीचं जिथे 'रटनाघेरी' व्हायचं, तिथे वाडीचं काय झालं असेल! त्यात कोकणात एकाच नावाची किती गावं. नांदगावंच मोजून बघा. शिवाय आज जे सिंधुदुर्गात आहे त्यातलं बरंचसं तेव्हा रत्नागिरीत होतं, सावंतवाडी तर वेगळं संस्थान. आडनावाने शोधायला जाल तर काहीच हाती लागणार नाही. तिकडे गेलेल्याचं पाळण्यातलं नावच पुढे वंशाचं आडनाव झालं. तिथे रामा, विठू, लक्ष्मण ही आडनावं आहेत.

म्हणूनच घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मला वहीइतक्याच मोलाच्या वाटतात. बोट बुडाल्याचं आजीने सांगितलं ते चुकीचं निघालं. पण नाव, बापाचं नाव आणि 'मोरस' हे तिने धरून ठेवलं नसतं, तर त्या कागदाकडे बघून मी काय ओळखणार होतो? आणि बोट बुडवली कुणी, हेही आता मला समजतं. भाऊ जिवंत आहे आणि आपल्यामुळे घर सोडून गेलाय, हे रोज मनात ठेवून जगण्यापेक्षा त्याचं पान वाढणं थोरल्याला सोपं गेलं असेल.

मला खरा राग येतो तो आपल्या बाजूचा. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी तिकडची माणसं शोधतायत. त्यांनी मराठी टिकवली, शाळेत शिकवली. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आणि ती माणसं कागद घेऊन आपल्या दारात आली की आपण काय करतो? आमच्या भावकीत मी ही नोंद दाखवली तेव्हा पहिला प्रश्न आला, "सातबाऱ्यावर नाव लावायला येतायत का?" मला फार वाईट वाटलं. सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड मिळेल, असं मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपतींनी तिथे जाऊन जाहीर केलं. त्या शिक्षकांना आमची गुंठाभर जमीन नकोय. त्यांना त्या घराच्या उंबऱ्यावर एकदा उभं राहायचंय.

शोधणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या माणसाचा क्रमांक सापडला की तिथे थांबू नका, मागचे-पुढचे क्रमांक बघा. एका गावची माणसं बरेचदा एकामागोमाग उभी राहिलेली असतात. मी त्या शिक्षकांना तसं कळवलं आणि त्यांनी पुढचा क्रमांक पाहिला. ती एक बाई निघाली. तेच जहाज, गावाचं तेच विचित्र स्पेलिंग.

मी आत्याकडे गेलो. ती ८६ वर्षांची आहे, आजीच्या गोष्टी आता तिच्याकडेच आहेत. "त्याचं लग्न झालं होतं का गं?" तिने खूप वेळ घेतला. मग म्हणाली, "झालं होतं म्हणे. तो गेल्यावर ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही."

मग मी फोनवर आत्याचं बोलणं रेकॉर्ड करायला लागलो. तीन दुपारी ते चाललं. ते सगळं तिकडे पाठवलंय आणि त्या बाईच्या नोंदीची पूर्ण प्रत मागवली आहे, बापाच्या नावासकट. ते मिळालं की तिचं माहेर शोधायचं आहे. राजापूर-लांज्याकडच्या कुणाच्या घरात सासरी गेलेली, मग कुठे गेली ते कुणालाच न कळलेली एखादी लेक असेल, किंवा 'मोरस' हा शब्द माणसाच्या संदर्भात कुणी ऐकला असेल, तर मला कळवा. गोष्ट अर्धवट असली तरी चालेल. आणि घरात आत्या, आजी कुणी असेल तर त्यांना आजच विचारा.