आत शिरण्याआधी बाहेरची वाट शोधा

गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत ३ मे २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली. त्यातली बहुतेक तिथे कामाला होती. दोन्ही वेळा आपण व्यवस्थेला जाब विचारला. विचारायलाच हवा, जबाबदारी त्यांचीच. पण पुढच्या जत्रेलाही आपण मोबाइल वर धरून गर्दी नेईल तिकडे जाणार असू, तर मला खरंच काळजी वाटते.

'आपल्या गोव्यात कसलं काय होतंय' हे घराघरातून ऐकू येतं. सावध राहा म्हटलं की मुलींना 'सातच्या आत घरी ये' सांगतात, नाहीतर बाहेरून आलेल्या कामगारांकडे संशयाने बघायला लागतात. याला मी सावधपणा म्हणत नाही. जागा बघणं, तिथून बाहेर कसं पडायचं ते बघणं, हे मुलग्यांनाही शिकवा आणि आजीलाही.

गर्दीत माणसं तुडवली जाऊनच मरतात असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ती उभ्या उभ्या गुदमरतात. छातीवर चारी बाजूंनी एवढा दाब येतो की श्वास घ्यायला फासळ्या हलतच नाहीत. एका चौरस मीटरमध्ये पाचापेक्षा जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो, आणि त्याहून दाटी झाली की तुमचे पाय तुमच्या ताब्यात राहत नाहीत. उतारावर तर एक जण पडला की मागचे त्याच्यावर पडत जातात. म्हणून खांद्याला खांदे दोन्ही बाजूंनी लागायला लागले की तिथूनच मागे फिरा. दर्शन तासाभराने घेतलं तरी देवी रागवत नाही.

अडकलातच तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट रेटा देऊ नका. धक्का ओसरला की तिरके तिरके कडेला सरका. चप्पल पडली, पर्स पडली, तरी वाकू नका. आरडाओरड करण्यात दम घालवू नका. पडलात तर कुशीवर वळून डोकं हातांनी झाका.

हॉलमध्ये, क्लबमध्ये, लग्नाच्या तळघरातल्या पार्टीतसुद्धा बसण्याआधी दुसरं दार शोधा. त्याला कुलूप असेल तर मालकाला विचारा, आणि उघडत नसेल तर उठून चालते व्हा. लाज कसली त्यात? ११२ हा नंबर लहान मुलांनाही पाठ हवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरातून निघतानाच ठरवा.

देवस्थान समित्यांना माझी कळकळीची विनंती: जत्रेच्या पत्रकावर नाटकाची वेळ आणि कलाकारांची नावं छापता, तिथेच यायची वाट कुठली, जायची कुठली आणि रुग्णवाहिका कुठे उभी असेल, हेही छापा.