शून्य मैलावरचा काटा

मालवणच्या माणसाला माशातलं कोणी काही शिकवू नये, असं माझं बावन्न वर्षं ठाम मत होतं. हे मत नेमकं कुठे गळून पडलं, ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. रोमानियात डॅन्यूब नदी जिथे काळ्या समुद्राला मिळते, तिथल्या सुलिना गावात. वेळ रात्री साधारण साडेआठ.

आधी घरचा इतिहास सांगायला हवा. माझी बायको भंडाऱ्याची. तलावांचा जिल्हा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तर कौतुकाने रोहूचा रस्सा पुढे आला. आमच्याकडे नदी-तळ्यातल्या माशाला मासा म्हणायचीसुद्धा पद्धत नाही. "चिखलाचो वास येता त्येका," ही आईची शिकवण. मी पोट बिघडल्याचं सांगून वरणभातावर भागवलं. ते पोट पुढे पंचवीस वर्षं, भंडाऱ्याच्या प्रत्येक फेरीत, न चुकता बिघडत आलं.

भाचा बुखारेस्टला नोकरीला आहे. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून त्याने आम्हा दोघांना तुल्चाच्या बसमध्ये बसवून दिलं. "मामा, डेल्टा बघाच. १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आणि तिथे मासे खा, मासे!" मी खूश झालो. समुद्राकाठचं गाव आणि मासे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपोआप सुरमई येते.

तुल्चा हे डेल्टाचं नाकं. तिथून पुढे सुलिनाला रस्ताच नाही, जायचं ते पाण्यातून. वेगवान होड्या असतात. पण मी तिकिटाचे दर शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि मोठ्या संथ बोटीच्या बाजूने कौल दिला. चार तासांच्या वर लागले. त्या बोटीचा स्वभाव आपल्या एसटीचा. कांद्याची पोती, कलिंगडं, एक गादी, एक धुलाईयंत्र आणि त्यावर बसलेल्या एक आजी. दोन्ही काठांना बोरूचं रान. इतका बोरू मी जन्मात पाहिला नव्हता. अख्ख्या महाराष्ट्राची बाराखडी गिरवून झाली असती आणि तरी उरला असता.

नद्यांचं अंतर इथे उलटं मोजतात, हे मला बोटीवर कळलं. डॅन्यूब उगम पावते जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, साधारण २,८५० किलोमीटर लांब. पण आकडे सुरू होतात मुखापासून. शून्य सुलिनाला. त्यातही सुलिनाच्या फाट्यावर सागरी मैल वापरतात. मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"आमच्या नागपूरला पण आहे झिरो माईल," ती म्हणाली. "तिथं रिक्षा जाते."

सुलिनाला उतरलो ती संध्याकाळ. घरमालकीण धक्क्यावर हातगाडी घेऊन उभी होती. डोक्याला रुमाल, साठीच्या पुढची, लिपोवन. सतराव्या शतकात रशियातल्या चर्चने पूजाविधी बदलले. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या रीतीला धरून पळाले, आणि त्यांतले कित्येक या बोरूत येऊन मासेमारी करत राहिले. त्यांची ही वंशज. एका विधीसाठी देश सोडणाऱ्यांच्या घरी आपण "मला हा मासा चालत नाही" असं सांगायचं, म्हणजे अवघडच. तरी मी फोनवर भाषांतर करून विचारलं, स्टर्जन मिळेल का? स्टर्जन कसा, समुद्रातून नदीत चढतो, म्हणजे निदान अर्धा तरी आपला. तिने हातांची फुली करून दाखवली. स्टर्जन पकडायला रोमानियात २००६ पासून बंदी. "क्राप," ती म्हणाली. म्हणजे कार्प. म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या रोहूचा चुलतभाऊ.

द्राक्षाच्या मांडवाखाली पान मांडलं गेलं. इथली रीत अशी की माशाचा रस्सा एका वाडग्यात आणि मासा वेगळा, परातीत. रश्शाची आंबट चव 'बोर्श'ची. गव्हाचा कोंडा पाण्यात आंबवून ते करतात, म्हणजे आंबिलीच्या घराण्यातलं. कोळी लोक हा रस्सा थेट डॅन्यूबच्या पाण्यात शिजवायचे म्हणे. आमच्या वाडग्यातलं पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या वाटीत मुज्देय, म्हणजे मीठ घालून ठेचलेला लसूण, पाण्या-तेलात सैल केलेला. आणि मधोमध मामालिगा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, फळीवर उपडी केलेली, सुरीऐवजी दोऱ्याने कापलेली. खरं सांगतो, रस्सा फक्कड होता. चिखलाचा वास शोधला, सापडला नाही. मग मी मासा घेतला.

सुरमईचा काटा म्हणजे हमरस्ता. मधून सरळ जातो, आपण दोन्ही बाजूंनी आरामात जेवायचं. कार्पचं तसं नाही. मुख्य कण्याशी काडीचाही संबंध नसलेले, टोकाला फाटा फुटलेले केसासारखे काटे मांसात मनाला येईल तिथे पडलेले असतात. जुन्या पेठेतले बोळ. आत शिरलेला माणूस कुठे निघेल सांगता येत नाही.

बायको समोर हाताने जेवत होती. बोटांनी तुकडा उकलायचा, अंगठ्याने चाचपायचा, जिभेने एकदा खातरी करायची. काटे ताटाच्या कडेला रांगेत. घरमालकीण तिच्याकडे बघत मान डोलवत होती. माझ्या ताटाकडे बघून तिने काटा-चमचा उचलून नेला. शिकवणी सुरू झाली होती.

तिसऱ्या घासाला अडकला.

खोकलो. पाणी प्यायलो. डोळ्यांत पाणी. घरी असतो तर आईने कोरड्या भाताचा मुटका गिळायला लावला असता. इथे भात कुठला? तेवढ्यात घरमालकिणीने मामालिगाचा लाडू वळला, माझ्यासमोर धरला आणि गळ्यावरून हात खाली फिरवून दाखवलं: गिळ, चावू नकोस. थेट आईचीच खूण. मी गिळला. डॉक्टर लोक याला नावं ठेवतात, पण त्या घटकेला डॉक्टर बोरूच्या पलीकडे होते. काटा गेला.

"काहून हो," बायको शांतपणे म्हणाली, "पोट बरं आहे ना?"

रात्रभर डासांनी जागरण घडवलं. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, त्यांनी माझ्यावर बरंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी स्थळं. सुलिनाचं एके काळचं वैभव मोठं. क्रिमियन युद्धानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने डॅन्यूबचं युरोपीय कमिशन नेमलं गेलं, त्याचं एक ठाणं इथे. मुखाशी गाळ साचून जहाजं रुतायची. चार्ल्स हार्टली या इंग्रज इंजिनिअरने समुद्रात बांध घालून वाट मोकळी केली. १८७० चा दीपस्तंभ तेव्हा पाण्याजवळ होता. नदी गाळ टाकत राहिली, समुद्र मागे हटला, आणि आता तो गावातल्या घरांमध्ये निवृत्त मामलेदारासारखा उभा आहे. किनाऱ्याच्या वाटेवर दफनभूमी: ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, मुसलमान, सगळे शेजारीशेजारी. एका ग्रीक चाच्याची कबरही दाखवतात. त्याच्या शेजारी मी जरा बसलो. झोप येत होती.

दुपारी होडीतून पेलिकन पाहिले. पांढऱ्या पेलिकनांची युरोपातली सर्वांत मोठी वसाहत या डेल्टात आहे. एकाने मासा पिशवीत घेतला, मान वर केली आणि काट्यांसकट आत टाकला. मी इतक्या असूयेने कोणत्याही पक्ष्याकडे कधी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी घरमालकिणीने विचारलं, "सोम्न?" फोनने अर्थ दाखवला: झोप. माझे डोळे पाहून तिला कीव आली असणार. मी जोरजोरात मान हलवली, "दा, दा!" आणि खोलीकडे निघालो. तिने दंडाला धरून परत मांडवाखाली बसवलं आणि पुढ्यात परात ठेवली. रोमानियन भाषेत झोपेला सोम्न म्हणतात आणि नदीतल्या एका भल्या मोठ्या मिशाळ माशालाही.

जाड, पांढरे तुकडे. काटा एकच, मधून सरळ. हमरस्ता!

"हा तर आमच्या शिंगाळ्याचा भाऊबंद," मी जाहीर केलं आणि हाताने जेवायला बसलो. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा. बायकोने फोन काढला, फोटो घेतला आणि भंडाऱ्याला पाठवला.

दोन मिनिटांत मेव्हण्याचं उत्तर आलं. "जिजाजी, दिवाळीले रोहू आणून ठेवू का?"