भिंतीतून किती वॉट ओढतो, तेवढं तरी छापा!

डोकं फिरतं अक्षरशः. घरात चोवीस तास चालू ठेवायला छोटा, कमी वीज खाणारा संगणक हवा, त्यावर सिनेमे, फोटो आणि घरातल्या सगळ्यांच्या फायली ठेवायच्या. गरज एवढीच. पण कुठल्याही मिनी पीसीचं माहितीपत्रक उघडा, जे कळायला हवं तेच नेमकं गाळलेलं. बूस्ट स्पीड किती गिगाहर्ट्झ ते ठळक अक्षरात. आणि काही काम नसताना तो सॉकेटमधून किती वॉट ओढतो, हे शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही!

सगळ्यात जास्त संताप टीडीपीच्या (प्रोसेसर भाराखाली किती वॉट उष्णता टाकतो त्या) आकड्याचा येतो. इंटेल एन१०० या प्रोसेसरपुढे ६ वॉट लिहिलेलं असतं आणि लोक तोच अख्ख्या यंत्राचा वीजखर्च समजतात. अहो, तो आकडा फक्त प्रोसेसरच्या चिपचा आहे. मदरबोर्ड, रॅम, नेटवर्क चिप, अडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज, हार्ड डिस्क, यातलं काहीही त्यात धरलेलं नाही. वर कितीतरी उत्पादक बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) हीच मर्यादा गुपचूप १५ वॉटपर्यंत किंवा त्याच्याही पुढे नेऊन ठेवतात. दुसरीकडे, ऑफिसातून निघालेल्या एक लिटर आकाराच्या पेटीत इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर असतो, त्याचा टीडीपी ३५ वॉट. तो आकडा बघूनच लोक दचकतात. पण रिकामा बसलेला असताना तो ३५ ओढतच नाही, सेटिंग नीट असेल तर दहाच्या आसपास राहतो. घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, म्हणजे बिल ठरतं ते या आकड्यावर. सतत १ वॉट चालू राहिला की वर्षाला ८.७६ युनिट. १० वॉटचे साधारण ८८ युनिट, जुन्या डेस्कटॉपच्या ६० वॉटचे सव्वापाचशे. एवढा सोपा हिशेब, आणि तो करायला लागणारा एकच आकडा कोणी छापत नाही.

हा आकडा बिघडवणारी गोष्टही कोणी सांगत नाही. बोर्डावर किंवा कार्डावर एएसपीएम (रिकाम्या वेळी पीसीआय जोडणी झोपवून वीज वाचवायची सोय) न पाळणारी एक स्वस्त साटा कंट्रोलर चिप (डिस्क जोडणारी) असली, की प्रोसेसरला गाढ झोपेत जाताच येत नाही. लिनक्सवर पॉवरटॉप हा वीजवापर दाखवणारा प्रोग्राम चालवा आणि पॅकेजचा (अख्ख्या प्रोसेसर चिपचा) रकाना बघा. यंत्र शांत असूनही ते पीसी२ किंवा पीसी३ या उथळ झोपेच्या पायरीवर अडकलं असेल, तर उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही ही आज्ञा रूट (प्रशासक) म्हणून चालवा. एएसपीएम डिसेबल्ड लिहिलेलं उपकरण बहुधा तुमचा चोर. काही बायोसमध्ये एएसपीएम मुळातच बंद असतं आणि ते चालू करायचा पर्यायही दिलेला नसतो. असं यंत्र 'होम सर्व्हर' म्हणून विकायला लाज वाटायला हवी.

आता डिस्क. ३.५ इंची हार्ड डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि फिरायला सुरुवात होताना ती काही सेकंद २० ते २५ वॉट खेचते. बहुतेक मिनी पीसींत तशी जोडणीच नसते, म्हणून लोक डिस्क ठेवायचा यूएसबी डबा घेतात. आणि इथून छळ सुरू होतो. डब्यातली ब्रिज चिप (यूएसबी आणि डिस्कमधला दुभाषा) यूएएस या वेगवान मोडमध्ये गडबडते, मोठी फाइल कॉपी होताना मध्येच डिस्क गायब होते, आणि डीमेसगमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये) यूएएस अबॉर्टच्या आणि यूएसबी रीसेटच्या ओळींची रांग लागते. लोक डिस्कला दोष देऊन नवी डिस्क आणतात! आधी त्या चिपचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक एलएसयूएसबी या आज्ञेतून काढा, कर्नलच्या यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स या सेटिंगमध्ये त्यापुढे यू लावून यूएएस बंद करा. वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकून राहते. काही चिप तर स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते ती) माहितीसुद्धा पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे डिस्क मरणपंथाला लागली तरी तुम्हाला पत्ता नाही.

रास्पबेरी पाय ५ या एका बोर्डाच्या छोट्या संगणकाच्या बाबतीत तर अडॅप्टरवरच सगळं अडतं. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअर हवेत. ३ अँपिअरचा लावला तर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअर मिळतात, आणि २.५ इंची डिस्कला सुरू होतानाच १ अँपिअरच्या आसपास लागतात. मग ती टकटक करत राहते, माउंट होत नाही. कॉन्फिगमध्ये यूएसबीची मर्यादा काढायची ओळ टाका असं लोक बिनधास्त सुचवतात. मर्यादा काढल्याने अडॅप्टरमध्ये नसलेली वीज येणार कुठून?

आणि ते '४के सपोर्ट'! कुठल्या कोडेकचा (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचा), डीकोड (उलगडणं) की एन्कोड (दाबणं), ८ बिट की १० बिट, हे सांगायची तसदी नाही. पाय ५ मध्ये हार्डवेअर डीकोडर फक्त एचईव्हीसी (एच.२६५) कोडेकचा आहे, एच.२६४ सुद्धा प्रोसेसरवर चालतं आणि हार्डवेअर एन्कोडर नाहीच. टीव्ही फाइल जशीच्या तशी वाजवत असेल तर यातलं काही लागत नाही, सर्व्हर फक्त फाइल पाठवतो. पण ब्लू-रेमधली पीजीएस (चित्राच्या रूपातली) सबटायटल लावली आणि टीव्हीच्या अॅपला ती झेपली नाहीत, की ती चित्रावर छापण्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागतो. पाय तिथेच गुडघे टेकतो. इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून, एव्ही१ या नव्या कोडेकचं डीकोड अकराव्यापासून. एन१०० ला दोन्ही येतं. नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे क्विक सिंक (इंटेलचं हार्डवेअर डीकोड-एन्कोड) विसरा. जेलीफिन हा मीडिया सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) चालवत असाल तर डीआरआयचं (ग्राफिक्सचं) उपकरण कंटेनरला द्या आणि रेंडर ग्रुपची परवानगीही द्या. मग ग्राफिक्सवरचा भार दाखवणाऱ्या इंटेल जीपीयू टॉपमध्ये व्हिडिओची पट्टी हलते का ते बघा. हलत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच वाहतोय.

टीव्हीवाल्यांनाही सोडायला नको. हजार कामं करणाऱ्या टीव्हीला १०० मेगाबिटचा इथरनेट पोर्ट देतात! ४के ब्लू-रेचा बिटरेट १२८ मेगाबिटपर्यंत उसळू शकतो, तिथे चित्र अडखळतं आणि शिव्या खातो सर्व्हर. अशा टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ वायफाय केबलपेक्षा बरं पडतं. २.४ वर असाल तर यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल अँटेनापासून लांब ठेवा, त्यांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो.

परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं तपासा. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या, सगळ्या डिस्क जोडा, मॉनिटर काढा, दहा मिनिटं थांबून आकडा लिहून ठेवा. प्रत्येक डिस्कवर स्मार्टची लाँग टेस्ट चालवा. मग काहीशे जीबीचं फोल्डर नेटवर्कवरून कॉपी करायला लावा आणि शेजारी डीमेसग उघडं ठेवा. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग यायला हवा. ११ येत असेल तर केबल किंवा पोर्ट १०० वर अडकलाय. आणि कॉपी पुरी होईपर्यंत रीसेटची एकही ओळ दिसली, तर डबा परत पाठवा.