शेवटचा हिशेब

आज दुपारी एका कारखान्याचे पगारपत्रक करताना मालकांनी जे वाक्य सहज उच्चारले, ते रात्र झाली तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. नोकरी सोडून चाललेल्या एका ऑपरेटरचा शेवटचा हिशेब मी त्यांच्यासमोर ठेवला, तेव्हा कागदाकडे न बघताच ते म्हणाले, "मॅडम, एवढी घाई कसली? पुढच्या पगाराबरोबर बघू. तो काही पळून चाललेला नाही." तो ऑपरेटर त्या वेळी दाराबाहेरच्या बाकावर जेवणाचा डबा मांडीवर धरून बसला होता आणि दार उघडे होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले, हे तुम्ही सर्वांनी वाचलेच आहे. तेव्हापासून मी ज्यांच्या ज्यांच्याकडे पगाराचे काम बघते, तिथे तक्रारींचा पाढा ऐकते आहे आणि त्यांत सर्वांत मोठी तक्रार वेतन संहितेच्या कलम १७ची आहे. माणसाला कामावरून काढले असो, तो कामगारकपातीत गेलेला असो, त्याने स्वतः राजीनामा दिलेला असो किंवा कारखानाच बंद पडलेला असो, त्याचे राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचे, एवढेच ते कलम सांगते. त्याने केलेल्या कामाचे पैसे त्याला द्या, एवढ्या साध्या गोष्टीला 'जाचक' म्हणताना लोकांची जीभ अडखळत कशी नाही?

माझे बाबा एका छोट्या कारखान्यात सतरा वर्षे लेथवर होते. ऑर्डर कमी झाल्या तेव्हा त्यांना काढले नाही, तर समोर बसवून राजीनामा लिहून घेतला आणि एक महिना अकरा दिवसांचा पगार अधिक ओव्हरटाइम एवढा हिशेब बाकी ठेवून "गुरुवारी या" असे सांगितले. बाबा गुरुवारी गेले. साहेब बाहेर गेले होते. पुढच्या गुरुवारी गेले, तर चेकवर सही व्हायची होती. असे सात महिने चालले. प्रत्येक वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, ओव्हरटाइमचे तास पेन्सिलने टिपलेली लहान डायरी खिशात ठेवून जात आणि परत आल्यावर आई काही विचारायच्या आत पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरत.

ही दोन दिवसांची अट आकाशातून पडलेली नाही, हे मला पुष्कळ उशिरा, या कामाला लागल्यावर कळले. १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमातही मालकाने काढलेल्या माणसाचे वेतन कामाच्या दुसऱ्या दिवसाअखेर देण्याची तरतूद होती. मात्र तो कायदा ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारालाच लागू असे (२०१७ पासून ही मर्यादा महिना २४,००० रुपये होती) आणि राजीनामा देणाऱ्याचा त्या तरतुदीत उल्लेखच नव्हता. बाबांचा पगार तेव्हाच्या मर्यादेच्या जेमतेम वर होता आणि कागदोपत्री त्यांनी 'स्वखुशीने' राजीनामा दिलेला होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी ते बाहेर पडले. नव्या संहितेने पगाराची मर्यादा काढली आणि राजीनाम्याचा उल्लेख स्पष्ट केला. ज्या दोन फटींतून माझ्या वडिलांचे सात महिने गेले, त्या बुजल्या आहेत, आणि म्हणून या कलमाला कोणी नावे ठेवली की मला राग येतो.

नियुक्तीपत्राचेही तेच. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला ते दिले पाहिजे आणि ज्यांना पूर्वी दिलेले नाही, त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत दिले पाहिजे, अशी तरतूद आहे. सतरा वर्षांनंतर बाबांकडे पुरावा म्हणून काय होते, तर हजेरीची कार्डे. कडा काळवंडलेली, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेली ती कार्डे त्यांनी रबराने बांधून ठेवली होती.

लहान कारखानदाराचे स्वतःचे पैसे मोठ्या कंपन्यांकडे अडकलेले असतात, हे मला मान्य आहे, कारण त्यांची येणी मीच लिहिते. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याने त्यांचे पैसेही जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत आणि ते मिळत नाहीत तेव्हा हेच मालक पोटतिडकीने बोलतात, आणि बरोबर बोलतात. मग हाच न्याय आपल्या लेथवरच्या माणसाला का नको? या संहितांतले सगळेच कामगाराच्या बाजूचे आहे, असेही मी म्हणत नाही. कामगारकपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट आता १००ऐवजी ३०० कामगारांपासून लागू होते, ते मला मुळीच पटलेले नाही.

आणि दोन दिवसांत सगळेच द्यायचे आहे, असेही नाही. ग्रॅच्युइटीला पूर्वीप्रमाणेच ३० दिवस आहेत. दोन दिवसांत द्यायचे ते वेतन, आणि हजेरी रोज भरलेली असेल, तर त्याची बेरीज करायला मला आज वीस मिनिटे लागली. वीस मिनिटे!

इथवर लिहून थोडी शांत झाले आहे. आजचे मालक वाईट गृहस्थ नाहीत. कामगारांच्या घरचे आजारपण, लग्नकार्य ते विचारतात, उचलही देतात. बाबांचे साहेबही दिवाळीला स्वतःच्या हाताने मिठाई देत असत, आणि बाबांनी शेवटपर्यंत त्यांच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. मला मात्र ते जमलेले नाही.

निघताना मी कलम १७ची प्रत हिशेबाच्या कागदाला टाचून मालकांच्या टेबलावर ठेवली. बाहेर तो ऑपरेटर उठून उभा राहिला आणि "ताई, कधी येऊ?" असे त्याने विचारले. मी त्याला वार सांगितला नाही. "खात्यात जमा होतील, यायची गरज नाही," असे सांगितले आणि त्याचा खाते क्रमांक त्याच्यासमोर पुन्हा एकदा पडताळून घेतला. कामाचा दुसरा दिवस उद्या संध्याकाळी संपतो. सही तेवढी व्हायची आहे आणि ती होईपर्यंत मी तिथेच बसणार आहे.